मूल बोलू लागते तेव्हा : शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

शाळांमधील लैंगिक छळ आणि लिंगाधारित हिंसा या विषयाचे प्रशिक्षण आता बहुतांशी ऑनलाइन होते. हे प्रशिक्षण घेणाऱ्या आणि देणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील काही प्रश्न या सदरात घेतले आहेत. पत्रलेखकांची व शाळांची नावे, तसेच ज्या तपशिलांवरून एखादे मूल ओळखू येईल असे सारे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेतील सर्व शिक्षकांनी बालकांच्या लैंगिक संरक्षणाविषयीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला असून प्रत्येकाचे प्रमाणपत्र फाइलला लागले आहे. तरीही स्टाफरूममध्ये ‘या वयात असं चालायचंच’ हे वाक्य पूर्वीइतकेच ऐकू येते. गेल्या सत्रात एका मुलीने वर्गशिक्षिकेला जे सांगितले, ते माझ्यापर्यंत पोहोचायला आठ दिवस लागले. मग अशा प्रशिक्षणाचा उपयोग तरी काय? – एक मुख्याध्यापिका

उत्तर : आपल्या शिक्षकांनी पूर्ण केला तो अभ्यासक्रम म्हणजे माहिती देणारे व्हिडिओ आणि शेवटी पर्याय निवडण्याची चाचणी, असा असावा. माहिती लागतेच, तिला मी कमी लेखत नाही. परंतु आठ दिवसांच्या विलंबाचे कारण माहितीचा अभाव हे क्वचितच असते. आपल्या वर्गशिक्षिकेला कायदा बहुधा ठाऊक असेल. मुलगी समोर उभी असताना तोंडून पहिले वाक्य कोणते निघावे, पुढच्या तासाभरात कोणाला कळवावे आणि आपण बोललो तर मुख्याध्यापक आपल्या पाठीशी उभे राहतील की प्रकरण आपल्याच गळ्यात पडेल, या तीन गोष्टींची मात्र तिला खात्री नसावी. यांतील तिसरी गोष्ट कोणताही व्हिडिओ शिकवू शकत नाही. ती आपल्या वागण्यातूनच शिक्षकांना कळते. पहिल्या दोन शिकवता येतात, आणि त्या ऑनलाइनही शिकवता येतात, मात्र त्यासाठी शिक्षकांना पडद्यासमोर नुसते बसवून भागत नाही, त्यांना बोलते करावे लागते.

मी घेत असलेल्या सत्रांतला एक सराव सांगते. सहभागी शिक्षकांच्या जोड्या करून त्यांना वेगवेगळ्या ऑनलाइन खोल्यांत पाठवायचे आणि एकाने सहावी-सातवीतल्या मुलाच्या भूमिकेत एवढेच म्हणायचे : ‘बाई, एक सांगायचं होतं. पण तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?’ दुसऱ्याने शिक्षक म्हणून उत्तर द्यायचे, आणि ते लिहून दाखवायचे नाही, आवाजात बोलून दाखवायचे. वरकरणी हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक जण एकदम म्हणून जातात, ‘नाही सांगणार, बोल तू’. आणि मग मुलाने खरोखर काही सांगितले, की ते वचन मोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. काही जण चौकशी सुरू करतात : कधी झालं, कुठे झालं, आणखी कोण होतं. काहींच्या तोंडून, मनात काळजीच असूनही, ‘पण तू तिथे गेलीसच कशाला?’ हे निघते. ते ऐकल्यावर मुलाची भूमिका करणारा सहकारीसुद्धा क्षणभर गप्प होतो. त्या शांततेने शिक्षकांना जे समजते ते चाचणीतल्या प्रश्नांनी समजत नाही.

हाच सराव दुसऱ्यांदा केला, की उत्तर बदलू लागते : ‘तू मला सांगायला आलास, हे फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला मदत करू शकतील अशा एक-दोन माणसांना मला हे सांगावं लागेल. पण कोणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन.’ या वाक्यांत खोटे वचन नाही, उलटतपासणी नाही आणि दोषारोपही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने लैंगिक अत्याचार झालेल्या मुलांबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही आदराने ऐकून घेणे, विश्वास दाखवणे, दोष न देणे आणि मुलाची सुरक्षितता पाहणे यांनाच पहिले स्थान दिले आहे. शिक्षकाचे काम तपास करण्याचे नाही. मूल जेवढे सांगेल तेवढे ऐकावे, त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लगेच लिहून ठेवावे आणि पुढे कळवावे. तीच हकिगत चार वेगवेगळ्या मोठ्यांपुढे चारदा सांगायला लावणे ही मुलाची नव्याने केलेली ससेहोलपट आहे.

मुले मुळातच किती कमी सांगतात, हे लक्षात घेतले म्हणजे या पहिल्या वाक्याचे मोल कळते. ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन’ या संस्थेच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सातवी ते बारावीच्या ४८ टक्के विद्यार्थ्यांनी त्या एका शालेय वर्षात लैंगिक छळ अनुभवल्याचे सांगितले होते. शाळेतल्या एखाद्या मोठ्या माणसाला ते सांगणारे विद्यार्थी मात्र त्यांपैकी सुमारे ९ टक्केच होते. ती पाहणी अमेरिकेतली असली, तरी मूल गप्प का राहते याची कारणे कुठेही फारशी वेगळी नसतात : आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही, आपल्यालाच बोलणी बसतील, सगळ्यांना कळेल.

ऑनलाइन पद्धतीच्या काही जमेच्या बाजू प्रत्यक्ष कार्यशाळेत मिळत नाहीत. सभागृहात हात वर करून विचारायला संकोच वाटेल असे प्रश्न नाव न देता लिहून विचारता येतात, आणि खरे प्रश्न बहुधा तेच असतात. एका दिवसात सगळे उरकण्याऐवजी दीड-दोन तासांची सत्रे काही आठवड्यांच्या अंतराने घेता येतात. मधल्या काळात शिक्षकांना आपल्याच शाळेची पाहणी करायला सांगता येते, जसे की कोणता जिना, कोणते स्वच्छतागृह, मधल्या सुट्टीतला कोणता कोपरा मुली टाळतात. ‘चालायचंच’ या वाक्यावरचा उतारा इथेच सापडतो. शिक्षक स्वतः ती जागा पाहून आला आणि मुली तिथून का जात नाहीत हे त्याने त्यांच्याकडून ऐकले, की ते वाक्य उच्चारणे त्याचे त्यालाच जड जाते. म्हणून प्रमाणपत्र फाइलला लावण्याआधी प्रत्येक शिक्षकाला आपण एकच प्रश्न विचारा : ‘आज दुपारी एखाद्या मुलाने तुम्हाला असे काही सांगितले, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय कराल?’ उत्तर अडखळले, तर प्रशिक्षण अजून अपुरे आहे.

प्रश्न : प्रशिक्षणातला प्रत्येक प्रसंग पुरुष शिक्षक आणि मुलगी असाच असतो. आम्ही पुरुष शिक्षक सत्रातून संशयित होऊनच बाहेर पडतो. आता मैदानात पडलेल्या मुलाला उचलायलाही हात धजावत नाही. – गणिताचे एक शिक्षक

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि ती प्रशिक्षकांपर्यंत पोहोचायला हवी. सगळे प्रसंग एकाच साच्याचे असले, की पुरुष शिक्षक मनाने सत्रातून बाहेर पडतात आणि पीडित मुलगे तर कोणाला दिसतच नाहीत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी आहे, मग तो मुलगा असो, मुलगी असो वा पारलिंगी मूल असो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते, त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले आणि त्या मुलांत निम्म्याहून अधिक, ५२.९४ टक्के, मुलगे होते. ‘बायल्या’ म्हणून वर्षभर हिणवला जाणारा मुलगाही लिंगाधारित हिंसाच सोसत असतो. त्याच्याबद्दल बोलणारा शिक्षक वर्गात असणे ही मोठी गोष्ट आहे, आणि तो पुरुष असेल तर त्याचे बोलणे मुलगे अधिक ऐकतात.

हे सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. मुलींना होणारा छळ सार्वत्रिक आहे आणि तो करणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे आहे, हे वास्तव प्रसंग बदलल्याने बदलत नाही. ते मांडणे म्हणजे आपल्यावर आरोप करणे नव्हे.

स्पर्शाबाबत घाबरून जाण्याचे कारण नाही. पडलेल्या मुलाला उचलावे, तेही सर्वांसमक्ष आणि ‘उचलू का तुला?’ असे विचारून. एकट्या मुलाशी बोलायचे असेल तर दार उघडे ठेवावे किंवा जिथून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी बसावे. रात्री विद्यार्थ्यांना वैयक्तिक संदेश पाठवू नयेत. हे नियम स्त्री-पुरुष सर्व शिक्षकांना सारखेच लागू असावेत आणि मुलांनाही माहीत असावेत. तसे झाले, की नियम कोण मोडतो आहे ते लवकर दिसते आणि आपल्यासारख्या शिक्षकाला विनाकारण अंग चोरून वागावे लागत नाही.

प्रश्न : आठवीतल्या काही मुलांनी वर्गातल्या मुलींच्या छायाचित्रांत फेरफार करून ती अश्लील बनवली आणि आपसात पाठवली. एका मुलीने मला येऊन सांगितले. पुरावा म्हणून मी ती छायाचित्रे माझ्या फोनवर मागवून घ्यावीत का? प्रशिक्षणात असा प्रसंग आलाच नव्हता. – एक वर्गशिक्षिका

उत्तर : मागवून घेऊ नका. हेतू कितीही चांगला असला, तरी अशी चित्रे स्वतःच्या फोनवर घेणे, मुख्याध्यापकांना पुढे पाठवणे, पालकांच्या गटात ‘सावध राहा’ म्हणून टाकणे, यांपैकी काहीही करू नये. पॉक्सो कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर फेरफार करून किंवा संगणकावर तयार केलेली, पण मुलाचीच वाटावी अशी चित्रेही त्याच्या कक्षेत येतात. आणि असे साहित्य न पुसता, न कळवता जवळ ठेवणे हाही कलम १५ खाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. कोणाच्या फोनवर काय आहे असे मुलीने सांगितले, तिने ते केव्हा पाहिले, कोणत्या गटात पाहिले, एवढे लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांमार्फत पोलिसांना कळवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलीच्या पालकांना अवश्य द्या. चित्रांचा प्रसार थांबवण्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिच्यात चित्र कुठेही पाठवावे लागत नाही, फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी समाजमाध्यमांना त्या ठशावरून ते चित्र ओळखून काढून टाकता येते.

मुलीला आधी एवढे सांगा की, शरमेने मान खाली घालावी असे तिने काहीही केलेले नाही. तिला फोन वापरायची बंदी घालणे, जागा बदलायला लावणे, काही दिवस घरीच राहायला सांगणे ही शिक्षा तिलाच होते, आणि बाकीच्या मुली ते पाहून पुढच्या वेळी गप्प बसतात.

ज्यांनी हे केले तीही मुलेच आहेत. त्यांच्यावरची कार्यवाही २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळापुढे होते आणि त्यांचीही ओळख उघड करता येत नाही. म्हणून त्यांना वर्गासमोर उभे करून नावे घेऊ नयेत. त्यांनी केलेले कृत्य किरकोळ होते असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांच्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलणे, त्यांचे समुपदेशन आणि संपूर्ण वर्गासोबत संमती व प्रतिष्ठा या विषयांवर सलग काही आठवडे काम करणे, हे सारे पोलिसांना कळवण्याबरोबरच करायचे असते. कळवण्याच्या ऐवजी नव्हे. आपल्या पुढच्या प्रशिक्षणात हाच प्रसंग घ्यावा असा आग्रह धरा. आजच्या शिक्षकांसमोर सर्वांत आधी जो येईल तो बहुधा हाच.

प्रश्न : संस्थेची बदनामी होऊ नये म्हणून आधी शाळेच्या अंतर्गत समितीने चौकशी करावी आणि तथ्य आढळल्यास पोलिसांकडे जावे, असे आमच्या विश्वस्तांचे मत आहे. ऑनलाइन सत्रात प्रशिक्षकांनीही ‘अंतर्गत समिती’चा बराच उल्लेख केला. – संस्थेचे एक पदाधिकारी

उत्तर : इथे दोन वेगवेगळे कायदे एकमेकांत मिसळले गेले आहेत आणि ही गल्लत अनेक सत्रांत होते. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ साली कायदा झाला. त्याची मुळे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते, आणि आपल्या शिक्षिका व महिला कर्मचारी यांच्या तक्रारींसाठी ती आवश्यकच आहे. विद्यार्थ्यांवरील लैंगिक अपराध मात्र पॉक्सो कायद्याखाली येतात आणि तिथे ‘आधी आपण पाहू, मग ठरवू’ ही मुभा कोणालाही नाही. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या, कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचे असते. कळवण्यात कसूर करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीच्या अपराधाबाबत कसूर केल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद कलम २१ मध्ये आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर मात्र त्याबद्दल कोणतीही कारवाई होऊ शकत नाही.

विश्वस्तांना २०२२ मधील एक निर्णय दाखवा. महाराष्ट्रातील एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलींवरील अत्याचारांची माहिती असूनही ती न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला आणि माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सांगितले. पोलीस आले म्हणजे शाळेच्या आवारात गणवेशातला ताफा उभा राहील, ही भीतीही बऱ्याच अंशी गैरसमजातून आलेली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेश न घालता नोंदवावा, असे कलम २४ सांगते.

बदनामीविषयी माझे मत स्पष्ट आहे. प्रकरण दडपले असे पालकांना वर्षभराने दुसरीकडून कळते, तेव्हा त्यांचा जो विश्वास उडतो तो परत येत नाही. चांगल्या प्रशिक्षणानंतर तक्रारी काही काळ वाढतात, हेही विश्वस्तांना आधीच सांगून ठेवा. वाढलेल्या तक्रारी म्हणजे वाढलेले गुन्हे असे समजून प्रशिक्षण बंद करणाऱ्या संस्था असतात. मुले बोलू लागली, एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रश्न : मी समुपदेशक असून अशी ऑनलाइन सत्रे घेते. गेल्या वेळी एका सहभागी शिक्षिकेने चॅटमध्ये आपल्या विद्यार्थिनीचे नाव लिहून सगळी हकिगत टाकली आणि दुसऱ्या एक जण रडत सत्रातून निघून गेल्या. अशा वेळी काय करावे?

उत्तर : दोन्ही प्रसंग येणारच, असे धरून चालणे बरे. सत्राच्या आरंभीच सांगा की मुलांची नावे, शाळा, गाव, इयत्ता यांपैकी काहीही लिहायचे वा बोलायचे नाही. मुलाची ओळख उघड करण्यास कायद्यानेही मनाई आहे. चर्चेच्या भागाचे ध्वनिचित्रमुद्रण करू नका आणि चॅट नंतर कोणाला उतरवून घेता येणार नाही अशी व्यवस्था करा. उदाहरणे देताना एकच खरी हकिगत नाव बदलून सांगण्यापेक्षा, अनेक प्रसंगांतले अंश एकत्र करून नवी रचावी. नाव बदलूनही मुले ओळखू येतात. बरेच शिक्षक घरून, मुले आजूबाजूला असताना सामील होतात, म्हणून हेडफोन लावायला सांगणे ही साधी, पण विसरली जाणारी सूचना आहे.

सहभागींमध्ये लहानपणी वा पुढे स्वतः हे सोसलेले कोणीतरी असतेच. त्यांच्यासाठी सत्रात दुसरी एक जबाबदार व्यक्ती ठेवा. तिचे काम शिकवण्याचे नाही. कोणी गप्प झाले, कॅमेरा बंद करून निघून गेले, तर त्याच दिवशी फोन करून विचारपूस करण्याचे आहे. कारण न देता सत्रातून उठण्याची मोकळीक सर्वांना आधीच द्या आणि कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नका. निघून गेलेल्या बाईंना अजून फोन केला नसेल, तर आज करा. सत्र पूर्ण करण्याविषयी मात्र त्यांना काही विचारू नका.

प्रश्न : शाळेच्या बसचे चालक, शिपाई, सफाई कर्मचारी, क्रीडा प्रशिक्षक यांनाही हे प्रशिक्षण द्यावे का? त्यांतील काहींना लिहिता-वाचता येत नाही. – पालक-शिक्षक संघाच्या एक सदस्य

उत्तर : द्यावेच लागते. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांनी शिक्षक व शिक्षकेतर, कायम व कंत्राटी, अशा सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचे वेळोवेळी प्रशिक्षण करायचे असते. या मंडळींसाठी लेखी चाचणी आणि लांबलचक व्हिडिओ कामाचे नाहीत. साध्या बोलीत, फोनवर ऐकता येतील असे छोटे ध्वनिसंदेश आणि त्यानंतर चार-पाच जणांचा एकत्र व्हिडिओ कॉल, एवढ्याने बरेच साधते. बसमध्ये शेवटच्या थांब्यावर उतरणारे मूल चालकाला जे सांगेल, ते कदाचित वर्गशिक्षकाला सांगणार नाही. म्हणून ते ऐकल्यावर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक आणि ते नाव प्रत्येक चालकाला पाठ असायला हवे.